गोलकीपर कल्लाप्पा

आमच्या गाडीच्या डिकीत सहा फोल्डिंगच्या खुर्च्या आहेत. दर शनिवारी त्या उघडल्या की आधी दोन-चार कुरमुरे खाली पडतात आणि मग एखादा किस्सा. कुरमुरे झाडून टाकता येतात, किस्से मात्र साचत जातात. ऑस्ट्रेलियातल्या या टूवूंबात गाडीशिवाय पान हलत नाही आणि मराठी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मग शनिवारी दुपारी युनीच्या, म्हणजे इथल्या युनिव्हर्सिटीच्या, मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकायच्या आणि आपल्या संघासाठी घसा फोडायचा. हाच आमचा कट्टा आणि हेच आमचं देऊळ!

आता आम्ही म्हणजे कोण, ते सांगते. मी मृणाल, हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट, माहेर पुण्याचं, म्हणजे फुटबॉलशी संबंध शून्य. नवरा मंदार युनीत इंजिनिअरिंग शिकवतो. तो कोल्हापूरचा, म्हणजे प्रश्नच मिटला. लेक ईरा, वय अकरा, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्लिशमध्ये. प्रसाद मुंबईचा, आयटीवाला, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आणि अफवांचा घाऊक व्यापारी. डॉक्टर देवधर भूलतज्ज्ञ. आणि सहावी खुर्ची माझ्या सासऱ्यांची, बापूंची.

ती खुर्ची हल्ली घडी घातलेलीच असते, कारण बापू कोल्हापूरला परत गेले. नवा सीझन सुरू झालाय. मॅचच्या आधी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो आणि पहिला प्रश्न असतो, "कोण उभा हाय गोलात?" मी फोन मैदानाकडे फिरवते. फार आठवण येते त्यांची. सासऱ्यांची एवढी आठवण येणारी पुण्याची मी पहिलीच सून असेन!

* * *

बापू गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आले, सासूबाई गेल्यानंतर पहिल्यांदाच एकटे. पहिले दोन आठवडे हॉलच्या खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या बघत राहिले.

"हितं माणसं कुठं असत्यात गं?" त्यांनी एकदा विचारलं.

"गाडीत," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार!

शेवटी मंदार त्यांना युनीच्या मॅचला घेऊन गेला. बापू तरुणपणी कोल्हापुरात पेठेच्या तालमीच्या संघाचे गोलकीपर होते. कोल्हापूरचं फुटबॉल बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. एका पेठेतली मुलगी दुसऱ्या पेठेत दिली, तर मॅचच्या दिवशी तिने कोणाच्या बाजूने ओरडायचं, यावर घरात अबोला होतो म्हणे!

मैदानावर आल्या आल्या बापूंनी खुर्ची उचलली आणि आपल्या गोलच्या मागे जाऊन बसले. गोलमध्ये होता कॅलम. बावीस वर्षांचा, सहा फूट चार इंच, शेतीचं शिक्षण घ्यायला पश्चिमेकडच्या कुठल्याशा गुरांच्या फार्मवरून आलेला. पाचव्याच मिनिटाला समोरचा फॉरवर्ड एकटा बॉल घेऊन सुटला. कॅलम जागच्या जागी उभा. तेवढ्यात मागून आरोळी आली, "फुडं ये! फुडं ये रं, कल्लाप्पा!"

कॅलम पुढे झेपावला आणि बॉल छातीवर घेतला.

मॅच संपल्यावर तो मंदारकडे आला. म्हणाला, "मेट, तुझे डॅड काय ओरडले ते मला कळलं नाही. पण पाय आपोआप पळाले!"

"हा कल्लाप्पा कोण?" मी बापूंना विचारलं.

"त्या पोराचं नाव जिभंवर बसंना. आमच्या संघात एक कल्लाप्पा होता, असाच ताडमाड."

झालं, बारसं झालं! महिन्याभरात अख्खा संघ त्याला कल्लाप्पा म्हणायला लागला. कोचने बोर्डावर लिहायला मंदारकडून स्पेलिंग घेतलं.

* * *

इथे हाफटाइमला खेळाडूंना संत्र्याच्या फोडी देतात. बापूंनी ते पहिल्यांदा बघितलं आणि माझ्या कानात विचारलं, "सगळी आजारी हाईत का?"

पुढच्या शनिवारी सकाळी मला जाग आली ती स्मोक अलार्मच्या ठणाण्याने. स्वयंपाकघरात लसणाचा धूर आणि धुरात बापू! भडंग चाललं होतं. इंडियन दुकानातले कुरमुरे, शेंगदाणे, आणि कोल्हापूरहून आणलेली कांदा-लसूण चटणी, सढळ हाताने.

हाफटाइमला कॅलमने मूठभर तोंडात टाकलं. आधी काहीच झालं नाही. मग कान लाल झाले, मग मान, मग डोळ्यांतून धारा. तेवढ्यात शिट्टी झाली आणि तो तसाच गोलमध्ये जाऊन उभा राहिला. त्या हाफमध्ये त्याने एकही गोल होऊ दिला नाही.

"तुला बॉल तरी दिसत होता का?" कोचने विचारलं.

"नाही," कॅलम म्हणाला. "पण मला भयंकर राग आला होता!"

त्यानंतर तो रविवारी आमच्याकडे जेवायला यायला लागला. त्याची आई तो लहान असतानाच गेली होती, आणि गुरं सोडून वडिलांना हलता यायचं नाही. तीन वर्षांत ते एकाही मॅचला आले नव्हते. हे त्याने भांडी पुसता पुसता अगदी सहज सांगितलं, आणि मी नळाखाली तीच ताटली परत धुतली.

बापू आणि तो मागच्या अंगणात तासन् तास असायचे. एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे भांडणाचा प्रश्नच नव्हता. बापू माझे बटाटे डावी-उजवीकडे फेकायचे आणि हा झेपावून झेलायचा. जे सुटतील त्यांची भाजी. सुरुवातीला आम्ही रोज बटाट्याची भाजी खाल्ली. ऑगस्ट उजाडेपर्यंत ती बंद झाली!

* * *

देवधर डॉक्टर आठवडाभर लोकांना झोपवतात आणि शनिवारी स्वतः झोपतात. खुर्चीत, टोपी नाकावर ओढून. गोल झाला की टोपीखालून विचारतात, "कोणाचा?" आपला म्हटलं की "छान", त्यांचा म्हटलं की "अरेरे", आणि पुन्हा झोप.

एकदा प्रसादने त्यांना फसवायचं ठरवलं आणि उगाचच बेंबीच्या देठापासून ओरडला, "गोऽऽल!"

टोपी हलली नाही. आतून शांत आवाज आला, "बापू ओरडले नाहीत. खोटं आहे."

* * *

सप्टेंबरात आमचा संघ फायनलला पोचला. समोर डोंगराखालच्या गावाचा संघ. फायनल शनिवारी आणि बापूंचं परतीचं तिकीट मंगळवारचं.

"आता परत येणं काय माझ्यानं व्हायचं न्हाई," बापू बॅग भरता भरता म्हणाले. "कल्लाप्पाला फायनलला गोलात बघतो आणि जातो. बास."

आणि गुरुवारी दुपारी प्रसादचा मेसेज आला, "कॅलमला अरेस्ट. ड्रग्ज. कन्फर्म्ड!"

प्रसादच्या 'कन्फर्म्ड'ला आमच्यात कोणी विचारत नाही. पण मंदारने कोचला फोन केला आणि ते खरंच निघालं. आदल्या संध्याकाळी पोलिसांनी रस्त्यात त्याची गाडी थांबवली होती. खिशात चार गोळ्या सापडल्या. पार्टीत घेतात, त्या. त्या आपल्याच आहेत, असं तो म्हणाला.

मी फार्मसिस्ट, त्यामुळे सगळे माझ्यावर तुटून पडले.

"सर्दीच्या असतील का गं?" प्रसादने फोन केला.

"प्रसाद, सर्दीच्या गोळीवर हसरा चेहरा छापत नाहीत."

"पण चारच ना!"

त्यावर देवधरांनी ग्रुपवर लिहिलं, "औषध म्हणून चार कमी आहेत. पोलिसांना भरपूर."

ईरा शाळेतून आली. तिला तिथेच कळलं होतं. दप्तर न काढता तिने विचारलं, "इज कॅलम अ बॅड पर्सन नाऊ?"

मी तिचं दप्तर उतरवून घेतलं. बापूंनी फक्त एवढंच विचारलं, "जेवला असंल का त्यो?"

* * *

"चला," बापू म्हणाले.

"कुठे?"

"पोलिस स्टेशनला. पेठंतलं पोरगं आत गेलं की चार शहाणी माणसं जात्यात. हमी द्यायची, साहेबाला दोन शब्द सांगायचे, पोराला घेऊन यायचं."

"बापू, इथे तसं नसतं," मंदार म्हणाला.

"माणसं नसत्यात का हितं?" म्हणत बापूंनी कोट चढवला, डोक्यावर पांढरी टोपी ठेवली आणि गाडीत जाऊन बसले.

आता त्यांना एकटं कसं पाठवणार? आम्ही दोघं निघालो. देवधर हॉस्पिटलचं ओळखपत्र गळ्यात अडकवून थेट तिथे आले. आणि प्रसाद? तो सिटिझनशिपच्या सर्टिफिकेटची आणि स्वतःच्या डिग्रीची झेरॉक्स घेऊन आला होता!

"डिग्री कशाला?" मी विचारलं.

"असू दे. सरकारी ऑफिस आहे."

काउंटरवर एक तरुण कॉन्स्टेबल बाई होती. बापूंनी हात जोडले. "सांग तिला, आम्ही पाची जण चांगल्या घरची माणसं हाय. पोराची हमी घेतो."

मंदारने घाम पुसला आणि इंग्लिशमध्ये सांगितलं, "वुई आर... अम्म... रिस्पेक्टेबल पीपल."

"गुड ऑन यू," ती म्हणाली.

मग तिने विचारलं, कॅलमच्या फॅमिलीतले का तुम्ही? मंदार अडखळला. मी देवधरांकडे पाहिलं, देवधरांनी छताकडे पाहिलं. आमच्यातल्या चौघांना फाडफाड इंग्लिश येतं, पण उत्तर दिलं ते बापूंनी. "यस," ते म्हणाले.

तिने जरा वेळ त्यांच्या टोपीकडे पाहिलं. मग हळूच सांगितलं की तो सकाळीच घरी गेलाय, कोर्टाची तारीख पुढच्या महिन्यात आहे, नो वरीज. आत कोणी नव्हतंच! आम्ही रिकाम्या कोठडीची हमी द्यायला आलो होतो.

"भली बाई हाय," बाहेर आल्यावर बापू म्हणाले. "पण च्या काय इचारला न्हाई."

* * *

संध्याकाळच्या प्रॅक्टिसला कोचने जाहीर केलं, कोर्टाचं काम संपेपर्यंत कॅलम खेळणार नाही. क्लबचा नियम. मॅच बघायला तो येऊ शकतो, पण जर्सी घालायची नाही. गोलमध्ये उभा राहणार पीटर. हा पीटर म्हणजे चौतीस वर्षांचा, भूगोलात पीएचडी करणारा, सीझनभर बेंचवर बसून थिसिसचे कागद तपासणारा माणूस!

रात्री आमच्या घरी प्रसाद चिडला. "अरे, फायनलनंतर काढा ना! गुन्हा काय पळून जातोय?"

"बरोबर केलं कोचने," मी म्हटलं. आणि जरा जोरातच म्हटलं. "त्या गोळ्या खाऊन इमर्जन्सीत आलेली पोरं मी बघते. तुम्ही नाही बघत."

बापू उठून स्वयंपाकघरात गेले. मला वाटलं, रागावले. मागोमाग गेले, तर ओट्याशी उभे राहून लसूण सोलत होते.

"तुझं बरोबर हाय," ते म्हणाले. "खेळवू नयेच. मला पण न्हवतं खेळवलं."

मग त्यांनी सांगितलं. वीस-एकवीस वर्षांचे असताना, फायनलच्या आदल्या दिवशी, ते दारू पिऊन मारामारी करताना पोलिसांना सापडले. तालमीची चार वडीलधारी माणसं गेली, हमी दिली, सोडवून आणलं. आणि सांगितलं, उद्या तू गोलात न्हाईस.

"मग?"

"मग काय. मॅच सुरू झाली, मी मैदानाच्या भिंतीला पाठ लावून भाईर बसलो. आत जायला कुणी अडवलं न्हवतं. पण पाय उचलंना. आवाजावरनं मॅच बघितली. आपला आवाज येगळा कळतो, त्येंचा येगळा. जिंकलो. पोरं नाचत भाईर आली, माझ्या समोरनं गेली."

लसणाची पाकळी त्यांच्या हातात तशीच राहिली होती.

"आत घ्या म्हणत न्हवतो गं मी. पण 'ये रं' म्हणून एक हाक मारली असती कुणीतरी, तर गेलो असतो. ती काय कुणी मारली न्हाई. आणि मी परत कधी गोलात उभा ऱ्हायलो न्हाई."

मंदारला हे चाळीस वर्षांत माहीत नव्हतं. तो दाराशी उभा राहून ऐकत होता.

शुक्रवारी सकाळी बापूंनी माझा फोन मागून घेतला आणि कॅलमला व्हॉइस मेसेज पाठवला. अस्सल कोल्हापुरीत! "कल्लाप्पा, उद्या मैदानावर ये. खेळायला नगं, नुसता ये. तुझी खुर्ची टाकून ठेवतो."

"अहो, त्याला कळणार कसं?" मी विचारलं.

"आवाज कळतो त्येला."

निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर काही आलं नाही.

* * *

शनिवारी बापू गोलमागे गेले नाहीत. आमच्या रांगेत बसले, शेजारी मंदारने शेजाऱ्यांकडून मागून आणलेली सातवी खुर्ची टाकली आणि मैदानाकडे न बघता पार्किंगकडे बघत राहिले. पश्चिमेचा गार वारा सुटला होता. रिकामी खुर्ची उडू नये म्हणून त्यांनी तिच्यावर भडंगाचा डबा ठेवला होता.

पहिला गोल आपला. बापू ओरडले नाहीत. दुसरा त्यांचा. पीटर चुकीच्या बाजूला पडला होता. मग सेकंड हाफमध्ये आपण पुन्हा एक मारला, दोन-एक. प्रसादने मला, मंदारने ईराला, ईराने एका अनोळखी आजीला मिठी मारली. देवधर तर टक्क जागे होते! बापू मात्र पार्किंगकडेच बघत होते. देवा, मॅच गेली तरी चालेल, पण तो पोरगा येऊ दे, असं मी मनात म्हटलं. फुटबॉलची मॅच जाऊ दे म्हणणारी त्या मैदानावर मी एकटीच होते.

शेवटची दहा मिनिटं राहिली असतील. बापू एकदम उठले. मैदानाला तारेच्या जाळीचं कुंपण आहे. पलीकडे, गम ट्रीच्या, म्हणजे निलगिरीच्या, खाली कॅलमची जुनी गाडी उभी होती आणि तो हुडी डोक्यावर ओढून जाळीला पाठ लावून खाली बसला होता. कधी आला होता कोण जाणे.

बापूंनी दोन खुर्च्या काखेत मारल्या, डबा घेतला आणि लांबच्या गेटाने वळसा घालून बाहेर गेले. आम्हाला वाटलं, हाताला धरून आत आणतील. तसं काही नाही! त्यांनी दोन्ही खुर्च्या जाळीला पाठ करून मांडल्या, त्याला एकीवर बसवलं, दुसरीवर स्वतः बसले आणि डबा उघडला. समोर नुसता रस्ता.

मी जाळीच्या आतल्या बाजूने धावत गेले. "बापू, आत या ना! त्यालाही आणा. शेवटची दोन मिनिटं आहेत. यासाठीच थांबला होतात ना तुम्ही?"

"असू दे," बापू मागे न बघता म्हणाले. "ह्यो एकटा न्हाई बसायचा."

कॅलम माझ्याकडे न बघताच "सॉरी" म्हणाला. परवा मी जे जोरात म्हटलं होतं, ते अजूनही बरोबरच होतं. तरीही मी हात पुढे केला. जाळीतून अख्खा हात जाईना. मी दोन बोटं कशीबशी आत घातली आणि त्याच्या हुडीवर टेकवली.

तेवढ्यात मागे शिट्टी वाजली. पेनल्टी, आपल्या विरुद्ध, शेवटच्या मिनिटाला! प्रसाद किंचाळला. देवधरांनी जागेपणी डोळे मिटले. माझी मात्र मान वळेना. मी त्या दोन पाठींकडेच बघत राहिले. बापूंनी कॅलमच्या गुडघ्यावर हात ठेवला होता आणि दोघंही मान किंचित तिरकी करून ऐकत होते.

क्षणभर काहीच आवाज नाही. मग एकदम गलका उठला.

"पीट सेव्ह्ड इट," कॅलम म्हणाला.

"आपला आवाज हाय," बापू म्हणाले.

एकाला दुसऱ्याचं कळलं नव्हतं. दोघांनी एकदमच मान डोलावली.

शेवटची शिट्टी झाली. सगळा संघ पीटरच्या अंगावर पडला. थोड्या वेळाने त्या ढिगातून पीटर कसाबसा बाहेर आला, चष्मा नाही, तोंडाला चिखल. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मग थेट जाळीकडे बघत, दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडला, "ओय! गेट इन हिअर, मेट!"

हाक कॅलमला होती. तो खुर्चीतच बसून राहिला, मान खाली घालून.

उठले ते बापू. डोक्यावरची टोपी सारखी केली, कोटावरचे कुरमुरे झटकले आणि एवढ्या मोठ्याने ओरडले की पार गोलपोस्टपर्यंत ऐकू गेलं, "आलो! आलो रं, आलो!"